पुस्तिका तळ्याची, पाणी मुंबईचं

आमच्या बोटीबरोबर एक पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, मुखपृष्ठावर निळंशार तळं आणि काठावर देवदारासारखी उंच झाडं. बोट १९ फुटी, सेकंडहँड, तिघांनी वर्गणी काढून घेतलेली. पुढे चौघांना पाय पसरून बसता येतं आणि मागे ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन आहे. पुस्तिका मी दोनदा वाचली. तिच्यातलं काहीच चुकीचं नाही. पण ती लिहिणाऱ्याने अलिबागजवळच्या रेवसचा चिखल पाहिलेला नाही, मासेमारीच्या डोलजाळ्याचा दोर इंजिनाच्या पंख्यातून कापून काढलेला नाही आणि भाऊच्या धक्क्याजवळ पाण्यावर काय काय तरंगतं हेही त्याला माहीत नाही. अशा बहुतेक स्पोर्ट बोटी गोड्या, स्थिर पाण्यातली सुट्टी डोळ्यांपुढे ठेवून बनतात. आपण त्या खाऱ्या, गढूळ, रोज वरखाली होणाऱ्या पाण्यात घालतो. हा लेख त्या दोन पाण्यांमधल्या फरकाबद्दल आहे.

आधी तिथी

तळ्यात सकाळी जिथे पाणी, तिथेच संध्याकाळी. मुंबई बंदरात पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, कधी पाचच्या जवळ. म्हणजे दीड मजला पाणी सहा तासांत निघून जातं आणि पुढच्या सहा तासांत परत येतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा हा फरक बराच कमी होतो.

मला हे शिकवलं ससून डॉकच्या एका तांडेलकाकांनी. पहिल्या भेटीत त्यांनी इंजिन किती हॉर्सपॉवरचं हे विचारलंच नाही. "आज तिथी काय?" एवढंच विचारलं. मला सांगता येईना. मग त्यांनी कोकणातला जुना हिशोब सांगितला. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. दुपारी तेच आणि रात्रीही साधारण तेच. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा येतो, त्याच्या मागोमाग पाणीही, म्हणून हे गणित चालतं. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ आणि उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यायची. पण कालनिर्णयाकडे नजर टाकून पाण्याचा अंदाज आला की फोनमधला आकडा चुकीच्या तारखेचा असेल तर तो लगेच खटकतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पाणी एका चालीने उतरत नाही. एकूण फरकाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उधाणाला फरक चार मीटर धरला तर मधल्या दोन तासांत दर तासाला एक मीटर पाणी गायब होतं.

हे वाक्य मी वाचलं होतं, समजलं नव्हतं. एका पौर्णिमेला आम्ही रेवसकडे गेलो. भरती सव्वाबाराची. पावणेदोनला किनाऱ्याजवळ छातीभर पाण्यात नांगर टाकला आणि डबे उघडले. मटकीची उसळ, चपात्या, कोणाच्या तरी आईने दिलेली सोलकढी. तासाभराने बोट जराशी कलली. मला वाटलं, कोणीतरी एका बाजूला सरकलं. खाली पाहिलं तर पाणी नव्हतं, करडा चिखल चकाकत होता आणि त्यावर निवट्या उड्या मारत होत्या. उतरून ढकलावं म्हटलं तर पाय मांडीपर्यंत आत. अशा चिखलात उतरायचंच नसतं, हे तेव्हा कळलं. पाणी परत आलं रात्री दहाला. काकांना फोन केला तेव्हा ते चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "आता अंधारात जाळ्यांमधून यायची घाई करू नकोस. खोल पाण्यात सरक, नांगर टाक, चहूबाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा वर लाव आणि झोप." झोप कसली, डासांनी फोडून काढलं.

त्या दिवसापासून आमचा नियम असा: उतरत्या पाण्यात उथळ जागी थांबायचं नाही. चढत्या पाण्यात टेकलात तर अर्ध्या तासात सुटता, उतरत्या पाण्यात टेकलात तर रात्र तिथेच.

नांगराचा दोर किती सोडायचा हेही भरतीवरूनच ठरतं. पुस्तिका म्हणते, खोलीच्या पाच ते सातपट. कुठली खोली? ओहोटीला तीन मीटर असलेल्या जागी भरतीला सात मीटर होतात. बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची धरून आठ. त्याच्या पाचपट म्हणजे ४० मीटर दोर. ओहोटीच्या खोलीवर हिशोब केला तर भरतीला नांगर उपटतो आणि तुम्ही जेवता जेवता चालू लागता. आणि नांगर नाळेलाच बांधायचा. मागे बांधलात तर इंजिनाच्या वजनाने आधीच खाली असलेली बाजू लाटेकडे तोंड करते आणि पाणी थेट आत येतं.

वाऱ्याचं थोडक्यात. शाळेतले मतलई आणि खारे वारे इथे परीक्षेला येतात. सकाळी जमिनीवरून हलका वारा, पाणी ताटलीसारखं. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा धरतो. मांडव्याहून गेटवेकडे परतताना तो डाव्या बाजूने अंगावर येतो. त्यात ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं असेल तर वारा एकीकडे आणि प्रवाह दुसरीकडे, मग लाटा आखूड, उभ्या आणि त्रासदायक होतात. म्हणून सकाळी जा, दुपारी एकच्या आत निघा. इन्कॉइस, म्हणजे समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था, आणि हवामान खातं यांचा लाटांचा इशारा आदल्या रात्री बघा. पावसाळ्यात प्रश्नच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, गेटवे ते मांडवा फेऱ्या बंद. नारळी पौर्णिमेआधी कोळी दर्यात होडी घालत नाही, तिथे आपली हौस काय म्हणून सांगायची!

गाडी नव्हे

ज्याला गाडी येते त्याला बोट येते, असं वाटतं. स्टिअरिंग तसंच, खुर्ची तशीच. पण गाडी पुढून वळते, बोट मागून. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की बोटीचं नाक उजवीकडे जातं आणि बूड डावीकडे झाडू मारल्यासारखं सरकतं. धक्क्यापासून निघताना जोरात वळवलंत तर नाक सुटतं आणि मागची बाजू दगडावर आपटते. ब्रेक नाही. थांबायचं तर गिअर न्यूट्रलला, मग हलका रिव्हर्स, आणि तेवढ्यात प्रवाह तुम्हाला आपल्या वाटेने नेत असतोच. धक्क्याला लागताना वारा किंवा प्रवाह, ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे तोंड करून या. तोच ब्रेक. आणि इतक्या हळू या की चुकलंच तर लाज वाटेल, बिल येणार नाही.

वेग वाढवताना बोट तीन अवस्थांमधून जाते. सावकाश असताना ती पाणी बाजूला सारत चालते. थोडा जोर दिला की नाक वर उठतं, मागे मोठी लाट तयार होते आणि समोरचं काही दिसत नाही. आणखी जोर दिला की बोट पाण्यावर चढून घसरत धावते. मधली अवस्था सगळ्यात वाईट: पेट्रोल जास्त, दृष्टी कमी आणि तुमच्या लाटेने शेजारची छोटी होडी उलटायची पाळी. एक तर सावकाश चाला, नाही तर पटकन वर चढा, मध्ये रेंगाळू नका. पुढच्या सीटवर कोणी बसलं असेल तर फेरीबोटीच्या लाटा आडव्या येताच वेग कमी करा आणि तिरके ओलांडा. सरळ वेगात घातलीत तर नाक उडून आपटतं आणि पुढे बसलेल्याच्या मणक्याला तो दणका बसतो.

आता जाळी. मुंबईच्या पाण्यात डोलजाळी रोवलेली असतात. पिशवीसारखं जाळं खुंटांना बांधलेलं, भरती-ओहोटीच्या प्रवाहात उघडं, बोंबील-करंदी त्यात येतात. वर खूण म्हणून प्लास्टिकचा कॅन, थर्माकोलचा तुकडा, कधी बांबूला फडकं. २० नॉट वेगाने तुम्ही सेकंदाला दहा मीटर जाता. काळा कॅन ५० मीटरवर दिसला तर हातात पाच सेकंद असतात. म्हणून एका माणसाने फक्त समोर बघायचं, फोटो काढायचे नाहीत. दोर अडकलाच तर आधी इंजिन बंद, किल्ली बाहेर, इंजिन वर उचलून मग सोडवायचा. शक्यतो न कापता. ते जाळं कुणाच्या तरी घरखर्चाचं असतं. किनाऱ्यावर आल्यावर पंखा काढून त्याच्या दांड्यावर गुंडाळलेला नायलॉनचा धागा नक्की शोधा. तो रबरी सील कापतो, मग गिअरच्या ऑइलमध्ये पाणी शिरतं आणि ऑइल दुधाळ होतं.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत हक्क सांगू नका. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं आणि उजवीकडून कोणी आडवं येत असेल तर वाट तुम्ही द्यायची. हे साधे नियम. पण अरुंद, खोदलेल्या मार्गात चालणाऱ्या जहाजाला २० मीटरपेक्षा छोट्या बोटीने अडथळा करायचाच नाही, हाही नियमच. नियमानुसारच कंटेनर जहाज जिथून चालवतात त्या वरच्या केबिनमधून नाकापुढचं ५०० मीटरपर्यंतचं पाणी न दिसणं चालतं. तुम्ही त्यांच्या लेखी नसताच. भोंग्याचे पाच किंवा जास्त छोटे आवाज आले तर त्याचा अर्थ, 'तुझं काय चाललंय?' नौदलाच्या जहाजांपासून, तुर्भ्याच्या बीएआरसी या अणुसंशोधन केंद्राच्या किनाऱ्यापासून आणि जवाहर द्वीपाच्या तेल धक्क्यापासून लांब राहा. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये हल्लेखोर बधवार पार्कजवळ रबरी बोटीतूनच उतरले होते, तेव्हा अनोळखी छोट्या बोटीकडे इथे कोणी सहज बघत नाही. कागद बरोबर ठेवा आणि कोणी थांबवलं तर वाद घालू नका.

आणि बोया, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा! इंटरनेटवर बोट चालवायला शिकवणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकन. ते सांगतात, बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला ठेवा. भारतात नेमकं उलटं: समुद्रातून आत येताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. जगाची दोन गटांत वाटणी झालेली आहे आणि आपण युरोपच्या गटात आहोत. व्हिडिओ बघून कुलाब्याच्या बाजूने अंधारात आत शिराल तर खडकावर जाल. कुलाब्याच्या टोकाला प्राँग्ज खडकांवर १८७५ पासून दीपगृह उभं आहे, ते शोभेसाठी नाही. भरतीला तिथले खडक पाण्याखाली जातात. २०१८ च्या २४ ऑक्टोबरला शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली आणि एकाचा जीव गेला. तीही किनाऱ्यापासून फार लांब नव्हती.

अंगावर काय असावं

लाइफ जॅकेट सीटखाली असून उपयोग नाही. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही, करून बघा. पोहता येतं म्हणणाऱ्यालाही डोक्याला मार लागला की पोहता येत नाही. घातल्यावर खांद्याचे पट्टे धरून वर ओढून बघा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. लहान मुलांना त्यांच्या मापाचं, पायांमधून पट्टा असलेलंच.

इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा जॅकेटला लावायची. तो फेकला गेला तर दोरी सुटते आणि इंजिन थांबतं. नाही तर रिकामी बोट गोल फिरत त्याच्यावरच येते. १८ डिसेंबर २०२४ ला इंजिनाची चाचणी सुरू असताना नौदलाच्या बोटीवरचा ताबा सुटला आणि ती घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' फेरीवर आदळली. त्यात १५ जण गेले. इंजिन दुरुस्त करून आणलं की पहिली चाचणी गर्दीपासून लांब आणि प्रवाशांशिवाय करायची, हे मी त्या बातमीनंतर आमच्या वहीत लिहून ठेवलं.

कोणी पडलंच तर लगेच न्यूट्रल आणि पडलेल्याच्या बाजूलाच स्टिअरिंग. पंखा त्याच्यापासून दूर जातो. एकाने त्याच्याकडे सतत हाताचं बोट दाखवत राहायचं, कारण लाटांमध्ये डोकं नारळाएवढंच दिसतं आणि एकदा नजर हटली की सापडत नाही. वाऱ्याकडे तोंड करून सावकाश त्याच्याजवळ या. जवळ आल्यावर इंजिन बंदच. न्यूट्रलवर विश्वास नको.

मदतीसाठी व्हीएचएफ रेडिओचा १६ नंबरचा चॅनल, आणि फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. आधी जागा सांगा, मग काय झालं ते, मग किती माणसं. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या एका माणसाला कुठे जाणार आणि किती वाजता परत येणार ते सांगून ठेवा. आमच्याकडे ते काम माझ्या बहिणीकडे आहे. दहा मिनिटं उशीर झाला की तिचा फोन येतो, वैताग येतो, पण व्यवस्था उत्तम.

पेट्रोलचं दुखणं

एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हातात. मांडवा सरळ रेषेत १५ किलोमीटरच्या आतबाहेर आहे, पण वाऱ्याविरुद्ध परतताना तेवढ्याच अंतराला पेट्रोल बरंच जास्त जातं. कॅन भरताना तो जमिनीवर ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा बोटीत ठेवून भरू नका, घर्षणाची वीज ठिणगी टाकते. ज्यांचं इंजिन बोटीच्या पोटात आहे त्यांनी सुरू करण्याआधी झाकण उघडून वास घ्यावा आणि आतली हवा बाहेर फेकणारा पंखा चार मिनिटं चालवावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बुडात साचते आणि किल्ली फिरवताच भडका उडतो.

आता खास आपलं दुखणं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलंय. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि मुंबईत ओलाव्याची काय कमी! थोडं पाणी ते पोटात घेतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, नेमकं जिथून इंजिन पेट्रोल ओढतं तिथेच. मी दर महिन्याला फिल्टरच्या वाटीतलं पेट्रोल लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत काढतो आणि उन्हापासून लांब दहा मिनिटं ठेवतो. एकसारखं पिवळसर राहिलं तर ठीक. खाली वेगळा थर आणि मध्ये रेष दिसली की ती टाकी रिकामी करायची, हळहळ न करता. पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर आधी तो बसवा, संगीतयंत्रणा नंतर. बोट महिनाभर चालणार नसेल तर तिच्यात जुनं पेट्रोल ठेवू नका, गाडीत जिरवून टाका.

मीठ

आउटबोर्ड समुद्राचंच पाणी ओढून स्वतःला थंड करतं. मागून पाण्याची बारीक धार बाहेर पडते. चालू केल्या केल्या पहिलं बघायचं ते हे. धार बारीक झाली किंवा थांबली तर नव्वद टक्के वेळा पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. इंजिन बंद करून वर उचला, पिशवी काढा, पुन्हा बघा. तरीही धार नसेल तर आतला पाणी ओढणारा रबरी इंपेलर गेला. तो वर्षा-दोन वर्षांनी बदलायचाच असतो. गाळ ओढणाऱ्या इंजिनाचा मी दरवर्षी दिवाळीआधी बदलतो.

परत आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुणं हे काम कधी टाळायचं नाही. पाण्याच्या जाळीवर दोन रबरी कप बसवतात, आम्ही त्यांना कानटोपी म्हणतो. त्यांना नळी जोडून आधी पाणी सुरू, मग इंजिन. क्रम चुकला तर कोरडा इंपेलर काही सेकंदांत जळतो. दहा-पंधरा मिनिटं संथ चालवा, म्हणजे इंजिन गरम होऊन आतला थर्मोस्टॅट उघडतो आणि मीठ बसलेल्या वाटांपर्यंत पाणी पोहोचतं. बंद करताना उलटा क्रम. आसपास कोणी पंख्याजवळ उभं नको.

इंजिनावर आणि बुडावर धातूचे फिकट ठोकळे असतात, त्यांना अॅनोड म्हणतात. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र असले की वीज वाहते आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. तो दुबळा आपण मुद्दाम बसवलेला, इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा. आमच्या बोटीला आधीच्या मालकाकडून मॅग्नेशियमचे ठोकळे आले होते, तळ्याला योग्य. मुंबईच्या पाण्यात ते वाताहत झालेल्या साबणाच्या वडीसारखे झाले. इथे झिंक किंवा अॅल्युमिनियमचे हवेत. अर्धे झिजले की बदला आणि बोट रंगवताना त्यांच्यावर चुकूनही रंग लावू नका, रंगाखाली ते काम करत नाहीत.

बोट मुरिंगला, म्हणजे तळाशी रोवलेल्या दोराला बांधून, पाण्यात ठेवत असाल तर बुडाला शेवाळ आणि बार्नेकल, म्हणजे चिकटून वाढणारे कवचाचे छोटे जीव, धरणारच. त्यांना रोखणारा रंग वर्षातून एकदा लावावा लागतो. बुडातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा आपोआप चालू होणारा खटका हाताने उचलून दर आठवड्याला बघा. एका मोठ्या पावसात साचलेल्या पाण्याने बोट बुडते, त्यासाठी भोक पडावं लागत नाही.

भोकाची गोष्ट आलीच आहे तर बूच. बोटीच्या मागे खाली एक छोटं भोक असतं, आत आलेलं पाणी किनाऱ्यावर काढून टाकायला. ते पितळी बूच न लावता बोट पाण्यात उतरवणारे लोक असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांत आम्हीही होतो. पाचव्या मिनिटाला पायाखाली चपला तरंगल्या. तेव्हापासून ते बूच इंजिनाच्या किल्लीलाच सुतळीने बांधलेलं असतं. किल्ली लावायची तर आधी ते सोडवावं लागतं.